हवेला रिकामी म्हणू नका

नागपुरात एप्रिल लागला की लोक सकाळीच खिडक्या लावून घेतात. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायचं, दारं ओढून घ्यायची आणि अंधारात बसून राहायचं, ही इथली रीत. आमच्या कॉलेजातही तेच चालायचं. फक्त स्टाफरूममधली एक खिडकी, गजभिये बाईंच्या खुर्चीमागची, बाहेर लू वाहत असली तरी सताड उघडी असायची. तिच्यावरून दर उन्हाळ्यात कुरबूर व्हायची. इतिहासाच्या सरांचे कागद उडायचे, मराठीच्या बाईंच्या डोळ्यांत धूळ जायची. गजभिये बाई सगळ्यांचं शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि खिडकी तशीच ठेवायच्या. फार बोलणं झालं तर आपली खुर्ची अशी सरकवायच्या की तो भाजणारा झोत आधी त्यांच्या पाठीवर यावा.

सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं आणि मी फिजिक्स शिकवायला नवाच लागलो होतो. कुसुम गजभिये बाई रसायनशास्त्राच्या, माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. उंच, सावळ्या, पदर कंबरेला घट्ट खोचलेला, बोटांवर ॲसिडचे पिवळे डाग. वर्गात त्यांची मराठी पुस्तकासारखी नेमकी असायची. वर्गाचा उंबरा ओलांडला की त्या गावाकडच्या बोलीवर यायच्या, आणि मग समोर शिपाई असो की प्राचार्य, बोली बदलायची नाही. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातल्या त्या पहिल्या एम.एस्सी. त्यांनी लग्न केलं नव्हतं. धाकटा भाऊ वसंता, त्याला त्यांनी शिकवलं, इंजिनिअर केलं. शहराबाहेर नवं औष्णिक वीज केंद्र उभं राहिलं, तिथं तो लागला तेव्हा बाईंनी अख्ख्या कॉलेजला पेढे वाटले होते. म्हातारी आई वसंताच्या क्वार्टरमध्ये राहायची. बाई प्रताप नगरात दोन खोल्या बांधून एकट्या, आणि दर रविवारी बसनं भावाकडं.

पहिल्या वर्षाच्या मुलांना त्या पहिल्याच तासाला एक मोठं काचेचं भांडं दाखवायच्या आणि विचारायच्या, यात काय आहे? मुलं म्हणायची, काही नाही, रिकामं आहे. बाई ते भांडं उचलायच्या आणि टेबलावर जळणाऱ्या मेणबत्तीवर तिरपं करायच्या, पाणी ओततात तसं. भांड्यातून काहीच पडताना दिसायचं नाही. मेणबत्ती मात्र विझायची. मग त्या म्हणायच्या, "हवेला रिकामी म्हणू नका." मी एकदा मागच्या बाकावर बसून हा तास पाहिला. मुलं टाळ्या वाजवत होती. बाईंचा चेहरा मात्र जादू करून दाखवणाऱ्याचा नव्हता. विझलेल्या वातीकडे त्या अशा पाहत होत्या की मला तिथं बसणं अवघड झालं. असं का, ते मला पुढच्या उन्हाळ्यात कळलं.

त्या वर्षी पाऊस कमी झाला होता आणि कॉलेजच्या नळाला पाणी येईना. मागच्या आवारात एक जुनी विहीर होती, कित्येक वर्षं फळ्या टाकून बंद केलेली. ती उपसून घ्यावी असं प्राचार्यांनी ठरवलं. गाळ काढायला किसन नावाचा एक धट्टाकट्टा गडी आला. फळ्या काढल्या, त्यानं कमरेला दोर बांधला, दोघांनी दोर धरला. मी आणि प्राचार्य काठावर उभे होतो. किसन कठड्यावर बसून पाय आत सोडतो न सोडतो तोच वरच्या मजल्यावरून बाईंची हाक आली. त्यांचा तास चालू होता. त्या तो तसाच टाकून जिन्यावरून धावत खाली आल्या, हातात खडू तसाच.

"उतरू नको गा," त्या म्हणाल्या. "आधी कंदील आणा."

प्राचार्य वैतागले. भर दुपारी कंदील कशाला, आणि तास सोडून बाई इथं कशाला, असं ते म्हणू लागले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी किसनचा दोर हातात धरून ठेवला आणि शिपायाला चौकीदाराच्या खोलीकडे पिटाळलं. कंदील आला. पेटवून, दोरीला बांधून त्यांनी तो हळूहळू आत सोडला. आम्ही वाकून पाहत होतो. पाण्याच्या बराच वर, एका जागी, ज्योत बारीक झाली आणि गेली. बाईंनी कंदील वर ओढला, पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. त्याच जागी आला आणि पुन्हा विझला.

किसननं पाय आतून काढून घेतले आणि कमरेची गाठ सोडायला लागला. ती त्याला सुटेना. खाली विहिरीत काहीही दिसत नव्हतं. स्वच्छ, मोकळी जागा आणि तळाशी काळं पाणी. तो माणूस त्या जागेपर्यंत पोचला असता तर आम्ही सगळे वर उभे राहून त्याच्याकडे पाहत राहिलो असतो.

त्या दुपारी स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. बाईंचा चहा गार होत होता. मी विचारलं नव्हतं, त्याच बोलायला लागल्या.

त्यांच्या गावी मालगुजाराची, म्हणजे गावच्या जमीनदाराची, पेवं होती. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं ज्वारीचं कोठार. तोंड लहान, आत पोट मोठं. पेव उघडलं की ते दिवसभर तसंच राहू द्यायचं, मगच माणूस उतरवायचा, असा रिवाज होता. त्या दिवशी मालगुजाराकडे घाई होती. बाईंच्या वडिलांना लगेच उतरायला सांगितलं. ते उतरले आणि हाकेला ओ देईनात. मोठा भाऊ, मिसरूड फुटायच्या वयाचा, त्यांना काढायला खाली गेला. बाई तेव्हा लहान होत्या. पाण्याचा तांब्या घेऊन तोंडाशी उभ्या होत्या आणि त्यांना वरून सगळं दिसत होतं.

"ना आवाज झाला, ना धडपड," बाई म्हणाल्या. "दादा खाली वाकला, अन् बापाच्या अंगावर झोपल्यावानी पडला. मी पाहून राहिली होती, सर. मले वाटलं आता उठतीन."

गावानं सांगितलं, पेवात खवीस आहे. आई उरलेल्या दोन लेकरांना घेऊन नागपूरला आली आणि गिरणीत लागली. बाई शाळेत शिकत असताना एकदा विज्ञानाच्या मास्तरांनी बरणीतल्या वायूनं मेणबत्ती विझवून दाखवली. कोळसा जळतो तेव्हा हा निघतो, आपण श्वास सोडतो त्यात हा असतो, कोठारातलं धान्यही श्वास घेतं आणि हाच सोडतं, हवेपेक्षा जड असतो म्हणून खड्ड्यात साचतो, असं मास्तर सांगत गेले. बाई वर्गातून उठून बाहेर गेल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. खविसाचं नाव त्यांना कळलं होतं. कार्बन डायऑक्साइड.

शेवटी त्यांनी मला एक गोष्ट बजावली. वसंतासमोर हा विषय कधी काढायचा नाही. तो तेव्हा आईच्या मांडीवर होता. बाप आणि दादा पटकीत गेले, एवढंच त्याला माहीत होतं. मोठा होऊन तो डोक्यात राख घालून घेईल, मालगुजाराच्या दारात जाईल, या धास्तीनं आईनं तसं सांगितलं होतं आणि बाईंना शपथ घातली होती.

बाई शनिवारी सदरमधल्या एका ग्रंथालयात जायच्या. तिथं परदेशी विज्ञान-मासिकं यायची, अर्थात कित्येक महिने उशिरा. सोमवारी आल्या की काय वाचलं ते मला सांगायचं, हा आमचा नेम. असाच एक सोमवार. मधल्या सुट्टीत बाईंनी डबा उघडला नाही. मी विचारलं तर त्यांनी पिशवीतून खडू काढला आणि माझ्या टेबलावरच एक रेघ काढली. करवतीच्या दातांसारखी, वर-खाली, वर-खाली, पण एकूण चढत जाणारी.

दूर समुद्रातल्या एका बेटावर, उंच डोंगरावर, लोक कित्येक वर्षं हवा मोजत बसले होते. जवळपास कारखाना नाही, गाव नाही. तिथंही हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढत होता. झाडांना पानं फुटली की थोडा कमी व्हायचा, पानगळ झाली की वाढायचा, आणि दर वर्षीचं शिखर आदल्या वर्षीच्या वर.

"मले इतकी वर्षं वाटे का हा खड्ड्यात मारते," बाई म्हणाल्या. "वर आला का हवेत विरून गेला, संपला. सर, तो गेलाच नाही. सगळा वरच आहे."

मी म्हणालो, असेल, पण हवेच्या दहा हजार भागांत जेमतेम तीन भाग. एवढ्यानं काय कोणी गुदमरणार? बाई म्हणाल्या, गुदमरणार नाही. ते वेगळं आहे. आणि त्यांनी मला गच्चीचं उदाहरण दिलं. उन्हाळ्यात आपण सगळे गच्चीवर झोपतो. आभाळ मोकळं असलं की पहाटे चादर ओढावी लागते. ढग आलेले असले की रात्रभर फरशी गार होत नाही. दिवसा तापलेली जमीन आपली उष्णता वर सोडत असते. ती डोळ्यांना दिसत नाही. मोकळ्या आभाळातून ती निघून जाते. ढग आणि वाफ तिला अडवतात, काही खाली परत पाठवतात. हा वायूही तेच करतो. सूर्याचा उजेड आत येऊ देतो, जमिनीची उष्णता बाहेर जाताना धरतो. थोडा आहे म्हणून तर पृथ्वी गोठत नाही. पण जगभरच्या भट्ट्या आणि गाड्या त्यात रोज भर घालताहेत.

मला पटलं, पण जसं पुस्तकातलं पटतं तसं. बाईंना ते पुरेना. त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं, आणि त्यासाठी लागणारी उपकरणं माझ्या विभागात होती.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ते मांडलं. काळा रंग दिलेला तांब्याचा डबा, त्यात उकळतं पाणी. ही झाली तापलेली जमीन. समोर उष्णता टिपणारं थर्मोपाइल, आणि त्याला जोडलेला गॅल्व्हानोमीटर, ज्याचा प्रकाशाचा ठिपका भिंतीवरच्या पट्टीवर पडायचा, जास्त उष्णता पोचली की पुढे आणि कमी पोचली की मागे. दोन्हींच्या मध्ये टीनवाल्याकडून करून घेतलेली पत्र्याची लांब नळी. काच उष्णता अडवते म्हणून नळीच्या दोन्ही तोंडांना पातळ प्लास्टिकची पिशवी ताणून बांधली. नळीत साधी कोरडी हवा असताना ठिपका पट्टीवर एका जागी स्थिर झाला. मग बाईंनी संगमरवराच्या तुकड्यांवर ॲसिड सोडून तयार केलेला वायू, वाळवून, हळूहळू नळीत सोडला.

ठिपका मागे सरकू लागला.

मला वाटलं, कुठंतरी तार सैल आहे. मी सगळे जोड तपासले. बाईंनी सायकलच्या पंपानं नळीत पुन्हा हवा भरली. ठिपका जागेवर आला. वायू सोडला, ठिपका पुन्हा मागे. मी नळीला डोळा लावला. पलीकडे धरलेली मेणबत्ती आधी जशी दिसत होती तशीच दिसत होती, धूसरपणाही नाही. उजेडाला वाट मोकळी होती. उष्णतेची वाट कोणीतरी धरून बसलं होतं. मी फिजिक्सचा माणूस. हे सगळं मला ठाऊक असायला हवं होतं, आणि ठाऊक होतंही. तरी माझ्या अंगावर काटा आला. मी म्हणालो, बाई, ही नळी तर वायूनं भरलेली आहे, आकाशात तो इतका विरळ आहे. त्या म्हणाल्या, नळी लहानशी आहे, आकाश मैलोगणती उंच आहे.

हे सांगून त्या स्टुलावर बसल्या आणि कितीतरी वेळ ठिपक्याकडे पाहत राहिल्या. घाबरलेल्या होत्या. लपवतही नव्हत्या.

तेव्हापासून त्या जमेल तिथं हे सांगू लागल्या. लोक थट्टा करायचे. मे महिन्यात पारा चढला की कोणीतरी हमखास म्हणायचं, बाई, आज तुमच्या वायूनं भाजून काढलं. त्यावर त्या चिडायच्या. "नागपूरचा उन्हाळा आपलाच आहे, पहिलेपासूनचा. त्याचा आळ वायूवर घेऊ नका," असं सांगायच्या. जे सिद्ध झालं नाही ते त्या बोलायच्या नाहीत. पृथ्वी किती तापेल, किती लवकर, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही, काही तर थंड होईल असंही म्हणतात, हेही त्या प्रामाणिकपणे सांगायच्या. पण नळीतला ठिपका कोणत्या बाजूला सरकतो यावर मतभेद नाहीत, असं म्हणून थांबायच्या.

मग वीज केंद्राच्या कॉलनीतल्या क्लबचं स्नेहसंमेलन आलं. वसंतानंच बहिणीचं नाव सुचवलं होतं. विषय साधा होता, विज्ञान आणि आपलं जीवन. नळी आणि डबा उचलायला मी बरोबर गेलो. हॉल भरलेला. पहिल्या रांगेत वसंता, पांढऱ्या शर्टात, आजूबाजूच्यांना आपली बहीण दाखवत होता. बायकांच्या बाजूला म्हातारी आई, डोक्यावरून पदर घेऊन.

बाईंनी सुरुवात विजेच्या कौतुकानं केली. वीज आली आणि माझ्या मायच्या हातचं जातं सुटलं, गावात पंप बसले, या दिव्याखाली माझा भाऊ अभ्यास करून इंजिनिअर झाला, असं त्या म्हणाल्या आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्या कोळशावर आल्या. कोळसा म्हणजे माणूस नव्हता तेव्हाची जंगलं. त्या जंगलांनी हवेतून जे घेतलं आणि जमिनीखाली नेलं, ते आपण बाहेर काढून जाळतो आहोत. चिमणीतून धूर दिसतो, राख दिसते. त्याची तक्रार सगळे करतात. जे दिसत नाही ते त्याहून पुष्कळ आहे आणि ते खाली पडत नाही. त्यांनी नळी दाखवली, ठिपका मागे सरकवून दाखवला. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. वसंता मान खाली घालून बसला होता.

एक वरिष्ठ अधिकारी उठले. भले गृहस्थ होते, हसतमुख. ते म्हणाले, "बाई, हा वायू तर सोड्याच्या बाटलीत असतो. आम्ही सगळे पितो. यानं आजवर कोणी मेलं का?"

हॉल हसला. वसंताही हसला, सुटल्यासारखा.

मी बाजूला उभा होतो, मला बाईंचा हात दिसत होता. त्यांनी टेबलाची कड धरली होती.

"हो," त्या म्हणाल्या. "माझा बाप मेला. माझा दादा मेला."

त्यांची पुस्तकी मराठी गेली. पेव, घाई, हाका, तांब्या, सगळं त्यांनी थोडक्यात सांगितलं, गावच्या बोलीत, आवाज न चढवता. मालगुजाराचं नाव घेतलं नाही. आईनं पदर तोंडावर ओढून घेतला होता. वसंता उभा राहिला. त्यानं बहिणीकडे पाहिलं नाही, आईकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला. मग खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं सरळ बाहेर गेला. त्या अधिकाऱ्यांनी हात जोडले आणि ते खाली बसले.

आणि बाईंनी भाषण पूर्ण केलं. मला वाटलं होतं त्या थांबतील, भावाच्या मागे जातील. त्यांनी राहिलेला भाग सांगितला, ठिपका पुन्हा जागेवर आणून दाखवला, आभार मानले. परतताना बसमध्ये मी त्यांना विचारलं, कसं जमलं तुम्हाला? त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, अर्ध्यात सोडलं असतं तर लोकांनी घरी बापाची गोष्ट तेवढी नेली असती. वायू तिथंच राहिला असता. यानंतर त्यांना रडू आलं. पार सदर येईपर्यंत त्या रडत होत्या आणि मी शेजारी पत्र्याची नळी मांडीवर घेऊन बसलो होतो.

वसंतानं बोलणं टाकलं. आईनं निरोप पाठवला की शपथ मोडणारी लेक मला नको. रविवारची बस बंद झाली. बाई रविवारीही कॉलेजात यायच्या, प्रयोगशाळेतल्या बाटल्या पुसत बसायच्या. उन्हाळा गेला, पावसाळा गेला.

एका दुपारी मी प्रॅक्टिकल संपवून आवरत होतो तर दारात वसंता. दाढी वाढलेली, ड्यूटीवरून तसाच आलेला. बाईंचा तास चालू होता. त्यानं त्यांची चौकशीही केली नाही. म्हणाला, "सर, ते नळीचं मले पुन्हा दाखवता काय?"

मी पाणी उकळायला ठेवलं. त्या दिवशी हॉलमध्ये तो पहिल्या रांगेत होता, पण त्याला काही दिसलं नव्हतं, असं तो म्हणाला. ठिपका स्थिर झाला तेव्हा त्यानं वायूची चावी स्वतःच्या हातानं उघडली. ठिपका सरकला. त्यानं चावी बंद केली, मला हवा भरायला लावली, पुन्हा उघडली. किती वेळा केलं कोण जाणे. मध्येच मी मान वर केली तर बाई दारात उभ्या होत्या. पुस्तकं छातीशी धरलेली. त्या आत आल्या आणि भावाच्या शेजारच्या स्टुलावर बसल्या.

वसंतानं भिंतीवरची नजर काढली नाही. "त्याईले त्रास झाला काय, ताई?"

"नाही गा. झोप लागल्यावानी झालं."

"मले काहून नाही सांगतलं?"

"मायनं शपथ घातली होती. अन् मले वाटलं, घरात एकजण तरी सुखानं झोपन."

मी निघायला लागलो तर बाईंनी हातानं थांबवलं. मला वाटतं, तिघं असणं त्यांना बरं वाटत होतं. मग वसंता म्हणाला, "मी रोज तेच करून राहिलो ताई. वॅगनीच्या वॅगनी जाळून राहिलो. तुले माहीत होतं, तरी तू पेढे वाटले."

"तवा माहीत नव्हतं. हे मागाहून कळलं."

"सोडू काय नोकरी?"

हा प्रश्न बाईंनी स्वतःला कितीदा तरी विचारला होता, हे मला ठाऊक होतं. घरात वीज येईपर्यंत कंदिलाच्या उजेडात या माणसाला त्यांनी वाढवलं होतं.

"तू सोडली तं दुसरा येईन," त्या म्हणाल्या. "अंधारात कोणाले राहा म्हणू? तिथंच राह्य. पण गप्प राहू नको."

तो राहिला, आणि गप्प बसला नाही. कमी कोळशात तेवढीच वीज कशी निघेल, वाया काय जातं, याबद्दल तो प्रत्येक बैठकीत बोलायचा आणि शेवटी वायूवर यायचा. कॉलनीत त्याचं नाव सोडावॉटर पडलं. ते त्यानं चालवून घेतलं. आईचा राग मात्र बरेच दिवस गेला नाही. नंतर एकदा म्हातारी आजारी पडली तेव्हा आपणहून म्हणाली, कुसुमले बोलवा. बाई गेल्या आणि आईला आपल्या घरी घेऊन आल्या.

पुढं मला अमरावतीला नोकरी मिळाली. ऐंशीचं दशक निम्म्यावर आलं होतं. निघण्याआधी एका रविवारी सकाळी मी प्रताप नगरात निरोप घ्यायला गेलो. हिवाळ्याचे दिवस, कोवळं ऊन. अंगणात खाटेवर म्हातारी माय तुरीच्या शेंगा सोलत होती. वसंता आलेला होता, बरोबर त्याची लेक, शाळेत नुकतीच जाऊ लागलेली. ती ओट्यावर खडूनं घर काढत बसली होती. बाईंनी मला चहा दिला. त्यांचे केस बरेच पांढरे झाले होते.

बोलता बोलता वसंतानं विचारलं, हे सगळं नेमकं कधी होणार? बाई म्हणाल्या, अंदाज वेगवेगळे आहेत. पण आता बहुतेकजण म्हणताहेत की पुढचं शतक लागून वीस-पंचवीस वर्षं झाली की हे मासिकात वाचावं लागणार नाही. अंगावरच कळेल. उन्हाळा लांबेल, पावसाचं वेळापत्रक राहणार नाही. त्यानंतर आणखी वाढत जाईल.

वसंतानं मनात हिशेब केला असावा. त्यानं मोठा श्वास सोडला आणि पाय पसरून भिंतीला टेकला. "मंग आपण नसू, ताई," तो म्हणाला. त्यात सुटका होती. खरं सांगतो, मलाही हलकं वाटलं. मीही तोच हिशेब केला होता.

ओट्यावरच्या मुलीनं खडू थांबवला. "आत्या, मी राहीन ना?"

मायचे हात शेंगांवर थांबले. वसंतानं पाय जवळ ओढून घेतले. मुलीला आपण काय विचारलं याची कल्पना नव्हती. मोठी माणसं कुठंतरी जाणार आणि आपल्याला नेणार का, तशा सुरात ती विचारत होती. बाईंचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. इतकी वर्षं त्यांनी भर हॉलमध्ये, वर्गात, बसमध्ये हे सांगितलं होतं, आणि त्या मुलीचं वय त्यांनी या गणितात कधी घातलंच नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर लख्ख दिसलं.

"राहशील वं," त्या म्हणाल्या. "तू राहशील."

मुलीचं समाधान झालं. ती पुन्हा घराला दारं काढू लागली. मी उठलो, मायच्या पाया पडलो, चपला घातल्या. बाई नेहमी फाटकापर्यंत यायच्या. त्या दिवशी आल्या नाहीत. रस्त्यावरून मी वळून पाहिलं. त्या ओट्यावर मुलीशेजारी जाऊन बसल्या होत्या, एक हात तिच्या पाठीवर, आणि ती जे काढत होती त्याच्याकडे पाहत होत्या.